दस्तीखालचा सौदा

आमच्या साडूंइतका चलाख माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल आणि त्यांच्याइतका गोंधळलेलाही झाला नसेल. हे दोन्ही गुण एकाच धोतरात कसे मावत, ते मला आजवर उमगलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, म्हणजे मानानं माझ्याहून वडील. धंदा बैलांच्या दलालीचा, गादी पाचोडच्या आठवडी बाजारात. बैल समोरून चालत गेला की त्याचं वय, त्याची ताकद आणि त्याच्या मालकाचा खोटेपणा हे सगळं साडू एका नजरेत सांगत. खांद्यावर कायम लाल दस्ती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती टाकायची आणि तिच्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बघ्यांना पत्ता लागत नाही. साडूंच्या अंगात ही रीत इतकी भिनली होती की ते शहरात आमच्याकडे आले की भाजीवालीच्या आणि रिक्षावाल्याच्याही हातावर दस्ती टाकत. रिक्षावाला एकदा "चचा, ये क्या कररै?" असं ओरडून मीटर न पाडताच पळाला होता. मात्र या माणसाचा एक नेम पक्का होता. सौद्याआधी ते बैलाची खोड उघड सांगत. "जनावर मुकं असतंय साडूभाऊ, म्हून आपून बोलायचं," असं म्हणत आणि हातातला सौदा घालवून बसत.

असे हे साडू दमायला लागले तेव्हा आम्हाला कुणालाच ते कळलं नाही, कारण त्यांनी दमण्याचीही दलाली केली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर थांबून ते शेजाऱ्यांच्या दाराचं लाकूड पारखू लागले. पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा त्यांनी चांभाराला जाऊन खडसावलं की चामडं आखडलं. आडवं झालं की जीव घाबरा होई, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत आणि वर म्हणत, "बैल बी बसूनच झोपतोय की." शेवटी एकदा भर बाजारात त्यांना भोवळ आली आणि मी त्यांना शहरात आणून एका दवाखान्यात दाखल केलं.

तिथं अँजिओग्राफी झाली. नळ्या सगळ्या मोकळ्या निघाल्या. हे कानावर पडताच साडूंनी पेढे मागवले, वॉर्डभर वाटले आणि धोतर नेसून घरी निघाले. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण खमक्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांनाही परत आत बोलावलं. "काका, रक्तवाहिन्या चांगल्या आहेत. आजार हृदयाच्या स्नायूला आहे. कुणाचा स्नायू जाड होतो, कुणाचा ताठर होतो. तुमचा ताणून सैल पडलाय, त्यामुळे जोर कमी पडतो." साडूंनी बराच विचार केला. "म्हंजी रस्ता चांगलाय, बैलच बसका निघाला?" बाईंनीही बराच विचार केला आणि म्हणाल्या, "हो, तसंच काहीतरी." मग त्यांनी सांगितलं की हृदय रक्त बाहेर टाकतं त्याचं प्रमाण तीस टक्क्यांवर आलंय. आकडा ऐकताच साडूंचा हात आपोआप खांद्याकडे गेला. मी अडवायच्या आत बाईंच्या हातावर दस्ती पडली होती. "काका, हे काय करताय?" "ऐंशीला द्या." बाईंनी हात सोडवून घेतला, पण हसल्या. म्हणाल्या, शंभर कुणाचंच नसतं, साठ म्हणजे उत्तम. यावर साडूंचा चेहरा जो पडला तो पडलाच. जिथं साठ म्हणजे पुरं आणि नळ्या साफ असूनही माणूस आजारी, तो बाजार त्यांच्या ओळखीचा नव्हता. माझ्याही नव्हता. पण मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, म्हणून सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी काय समजावलं ते देव जाणे. कारणं विचारली तर बाईंनी सांगितलं होतं की कधी विषाणूचा ताप, कधी दारू, कधी जुनं ब्लडप्रेशर, एखाद्या बाईला बाळंतपणानंतर, कुणाला रक्तातूनच, आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात यातली निम्मी कारणं उरली आणि सैल स्नायूचा जाड स्नायू झाला. जाड म्हटल्यावर माझ्या बायकोनं बहिणीला फोन करून तूप बंद करायला लावलं. बंद करायचं होतं मीठ. तुपाविना घास उतरेना म्हणून साडू दोन्ही वेळा लोणचं चाटत राहिले आणि पाय आणखी सुजले. बाईंनी मला एकट्याला उभं करून झापलं.

पण खरा घोळ पुढेच होता. पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "काका, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?" साडूंचे वडील बैलाचा कासरा हातात असतानाच बाजारात कोसळले होते. थोरला भाऊ चुलत्याच्या वरातीत नाचता नाचता गेला. दोन्ही वेळा गाव म्हणालं, बाहेरचं वारं लागलं. बाई गंभीर झाल्या. "मग हे रक्तातून आलेलं असू शकतं. मुलीच्या हृदयाची इको तपासणी करून घ्या." साडूंना एकुलती एक मुलगी, आणि तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. साडू दवाखान्यातून बाहेर आले ते मुके होऊन. एवढा खोड सांगणारा माणूस, पण पोरीला काही सांगेना. मी विषय काढला की म्हणत, "तपासलंच नाय तर खोड बी नाय." मला ते चूक वाटे आणि लगेच, आपली लेक असती तर, असंही वाटे. अखेर मुलीला मावशीकडून म्हणजे माझ्या बायकोकडून कळलं. ती येऊन बापासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आप्पा, बैलाची खोड साऱ्या बाजाराला सांगता, अन् माझी मलाच सांगत नाय व्हय?" साडू रडले. त्याआधी मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सोयऱ्यांकडं जाऊन सगळं सांगून आले आणि मग आम्ही मुलीला घेऊन गेलो.

ती आत गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. साडूंनी माझ्या हातावर दस्ती टाकली. मला त्या भाषेतलं ओ का ठो येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी माझी बोटं दाबली, तळव्यावर काही खूण केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत थांबले. मी घाबरून, काळजी करू नका अशा अर्थानं त्यांची दोन बोटं दाबली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझी सगळी बोटं एकदम धरली, घट्ट. "ठरलं?" त्यांनी विचारलं. आता नाही कसं म्हणायचं? "ठरलं," मी म्हणालो. त्यांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली आणि निवांत बसले.

मुलीचा रिपोर्ट चांगला आला. बाई म्हणाल्या, तरी अधूनमधून तपासत राहा, हे उशिराही दिसू शकतं. "सौदा झाल्यावर परत बैलाचं दात कशाला बघायचं?" असं साडू कुरकुरले, पण मुलगी तेव्हापासून नेमानं जाते. सोयऱ्यांनीही शब्द फिरवला नाही. साडूंनी लग्न पाहिलं, गोळ्या घेतल्या, मिठाला शिव्या देत बिनमिठाचं जेवले, आणि एका दुपारी बाजाराला निघताना चपला घालायला खाली बसले ते उठले नाहीत.

ती लाल दस्ती मेहुणीनं मला दिली. ती हातात घेतली की मला ते बाकडं आठवतं. सौदा माझ्याशी नव्हता, एवढं मला कळतं. त्यांना ज्याच्याशी बोलायचं होतं तो हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी मला मध्ये घेतलं. लेकीच्या बदल्यात स्वतःचं काय आणि किती देऊ केलं, ते मात्र मला कधीच कळायचं नाही. साडू फार आठवतात. वाटतं, तेव्हा एवढ्या घाईनं ठरलं म्हणायला नको होतं. बाजारात करतात तसं मान हलवून माझ्या दोन बोटांवरच जरा ताणून धरलं असतं, तर ते थोडं कमी द्यायला तयार झाले असते.