ओल्या कार्पेटचा वास

तर तार एसीच्या नळीत शिरली आणि गाडीखाली उताणे पडलेल्या मेस्त्रींच्या थेट कानात पेलाभर गार पाणी सांडलं. गॅरेजचा मालक म्हणजे त्यांचा मेहुणा, त्याला हसू आवरेना. दाजी, सकाळची अंघोळ राहिली होती का, म्हणाला. मेस्त्रीही हसले. गाडी दाखवायला आलेल्या शाळेच्या बाईंना त्यांनी हात पुसत सांगितलं, एसीचं साधं पाणी होतं, खुशाल जा.

गाडीत पायाशी पाणी साचलं की मेस्त्रींची बत्तीस वर्षांची एकच रीत. कार्पेट उचलायचं, बोट बुडवायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. वास नसला तर एसीची नळी तुंबलेली, तार घातली की झालं. गोडसर वास आला तर ते इंजिन गार ठेवणारं कूलंट. म्हणजे आतली हीटरची जाळी फुटलेली, गाडी जागची हलवायची नाही. मेहुण्याने गळती तपासायचा पंप आणला होता, पण दाजींचं नाक असताना तो खोक्यातून काढतो कोण? खोक्यावर चहाचे कप ठेवायचे.

आणि ते नाक हिवाळ्यातल्या तापात गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. एकदा स्वयंपाकघरात बसून ते पेपर वाचत होते आणि शेजारी दूध करपून पातेलं काळं झालं. बायको गच्चीवरून धावत आली, घरात आहात की कुठे आहात म्हणून तिने चांगलं फैलावर घेतलं. लक्ष नव्हतं, एवढंच ते म्हणाले. तिला सांगितलं नाही, मेहुण्याला तर नाहीच. गॅरेजात बोट नाकाशी जातच होतं, डोळे मिटतच होते. उन्हाळाभर एसीच्याच नळ्या तुंबत होत्या, म्हणून निभावलं.

बाईंच्या गाडीत दोन्ही होतं. नळीही तुंबलेली, जाळीही फुटलेली.

तिसऱ्या दिवशी चढावर इंजिनातलं पाणी संपलं, वाफ आली आणि गाडी बंद पडली. शेजारी बाईंची म्हातारी आई. दोघी भर उन्हात तासभर रस्त्याच्या कडेला बसल्या. गाडी दोरीला बांधून गॅरेजात आली. मेहुण्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं. इंजिन गेलं होतं.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसून राहिल्या. मेहुणाच आपला बोलत सुटला. जाळी नंतर फुटली असणार, चढावर फुटते कधीकधी, दाजींच्या नाकाने आजवर धोका दिलेला नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांनाही तेच खरं वाटत होतं. मेस्त्रींनी नुसतं हो म्हणायचं होतं.

मेस्त्री वाकले. कार्पेट अजून ओलं होतं. त्यांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं, या वेळी बराच वेळ धरलं. मग त्यांनी चहाचे कप एकेक करून खाली ठेवले आणि पंपाचं खोकं मेहुण्याच्या पायाशी सरकवलं. बाईंनी हळूच विचारलं, "मेस्त्री, त्या दिवशी वास घेतला होता ना तुम्ही?"

"घेतला होता, बाई. आला नाही. पाच महिने झाले, मला कशाचाच येत नाही. आत्ताही येत नाहीये."