मामाजींचे गुंटूरकर

कुठलीही दोन माणसं शेजारी उभी केली की त्यांतलं कोण पुढं गेलं आणि कोण मागं राहिलं, हे आमच्या मामाजींइतक्या तातडीनं सांगणारा माणूस पेनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. आम्ही बौद्ध, त्यामुळे मेल्यावर स्वर्गात जायची भानगड आमच्यात नाही. असती तर मामाजी स्वर्गाच्या दारातच अडून बसले असते, आणि आत आपले किती नि गुंटूरवाले किती हे कळल्याशिवाय त्यांनी उंबरठा ओलांडला नसता.

तुलना करायची ती फक्त या दोघांची. 'आपले' म्हणजे आजे-पणज्यांच्या काळात निंदण-वेचणीच्या कामासाठी पेनगंगा ओलांडून आदिलाबादेकडे आलेले आणि इथंच राहिलेले. 'गुंटूरवाले' म्हणजे त्यानंतर आंध्राच्या समुद्राकडच्या बाजूनं आलेले. तिकडची चिमूटभर जमीन विकायची आणि इकडची पसाभर काळी माती घ्यायची, असा त्यांचा हिशोब. "आपण हात घेऊन आलो, ते इंजिन घेऊन आले," असं मामाजी म्हणत. मारवाडी दुकानदार, इचोड्याच्या ढाब्यांवरचे बिहारी आचारी, हे सगळेही बाहेरूनच आलेले की! पण त्यांचं नाव काढलं की मामाजी हात हलवत, "ते सध्या वेटिंगवर हायेत." जन्मभर सरकारी बसमध्ये कंडक्टरकी केलेली, त्यामुळे भाषाच तशी. बसमध्ये माणूस चढला की दोन वाक्यांत आपल्याला समजतं, हा 'आलेला' हाय का 'असलेला' हाय, असा त्यांचा दावा होता.

या नादापायी त्यांनी आम्हाला कुठं कुठं म्हणून खाली मान घालायला लावली नाही! गुंटूरवाल्यांच्या लग्नाला गेले की आहेर राहिला बाजूला, आधी स्वयंपाकाच्या मांडवात. कढयांत डोकावून यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आपण मागं! लय मागं!" दवाखान्यात कोणाला बघायला गेले की पेशंट राहिला त्याच्या जागी, डब्यात काय आलंय ते आधी बघणार. माझ्या नणंदेच्या लग्नात तर कहर झाला. भन्तेजी त्रिशरण म्हणायला खोळंबले, वधूपित्याचा पत्ता नाही. शोधलं तर मांडवामागं एका गुंटूरवाल्या पाहुण्याला धरून विचारून राहिले होते, की तुमच्यात जावयाले काय काय देता? आणि निकाल कायम आपल्याविरुद्ध. तोही असा खुशीत सांगायचे, की जणू मागं राहण्याचं बक्षीसच मिळणार आहे. माझ्या नवऱ्याला बँकेत क्लार्कची नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "चला, पयले आपण चाळीस वर्सं मागं होतो, आता वीसच राह्यले. पन त्यायचे पोट्टे अमेरिकेत गेले ना बे! आपण चढून राह्यलो, ते उडून राह्यले."

या तुलनेला समोर एक हक्काचा गुंटूरवाला लागतो. तो आदिलाबादला लागून असलेल्या आमच्या मावल्यातल्या गल्लीत, अगदी समोरच राहत होता. मामाजींनी त्याला गुंटूरकर असं अस्सल मराठी आडनाव देऊन टाकलं होतं. बिचारे गुंटूरचे नव्हतेच. त्यांचं गाव गोदावरीच्या मुखाकडचं, गुंटूरपासून बरंच लांब. हे त्यांनी मामाजींना जन्मभर समजावलं. मामाजी म्हणत, "गुंटूर काय न् गोदावरी काय, समुद्राचं पानी खारंच." तेही काही कमी नव्हते. पेनगंगेपलीकडून आलेला प्रत्येक माणूस त्यांना नांदेडचाच वाटे. आमचं मूळ गाव यवतमाळकडचं आहे हे ते ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत, "काय कंडक्टरगारु, तुमचा नांदेडमध्ये ऊन किती?" 'गारु' म्हणजे आपलं 'जी'. त्यांच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी, बायकोसुद्धा 'माझा बायको'. संध्याकाळी कडुनिंबाखालच्या ओट्यावर दोघं बसत. वाद तापला की एक मराठीत बोलणार, दुसरा तेलुगूत, आणि भांडण मात्र एकाच भाषेत चालल्यासारखं रंगणार. आंध्रापासून आमचं राज्य वेगळं झालं तेव्हा बाहेरून आलेल्यांना आता हाकलतील अशी हूल उठली होती. तेव्हा ओट्यावर वाद काय, तर आधी कोणाला हाकलतील? दोघंही म्हणायचे, आधी आम्हाला. कोणी कोणाला हाकललं नाही, पण दोघंही त्या वर्षी जरा बारीक झाले होते.

भांडणाचं मूळ होतं एका शब्दात, आणि तो शब्द मला कळला तो माझ्याच फजितीतून. मी नवी नवरी, नदीपलीकडून आलेली, तेलुगूचं अक्षर माहीत नाही. गुंटूरकरांची बायको हळदी-कुंकवाची ताटली घेऊन बघायला आली आणि गोड हसून म्हणाली, "मी ऊरु एदि?" मला कळलं ते 'मी' एवढंच. मला वाटलं, बाई स्वतःबद्दलच काहीतरी विचारतेय. मी म्हटलं, "तुमी कोन ते मले काय माईत बाई? मी तं कालच आली!" मामाजी हसून हसून खोकू लागले. मग त्यांनी मला समोर बसवून शिकवणीच घेतली. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमचं, 'ऊरु' म्हणजे गाव, 'एदि' म्हणजे कुठलं. आणि आपल्यात जसं 'आमचं' वेगळं, 'आपलं' वेगळं, तसं त्यांच्यातही. 'मा ऊरु' म्हणजे आमचं गाव, तुमचं त्यात काही नाही. 'मन ऊरु' म्हणजे तुमचं-आमचं दोघांचं, आपलं गाव. "आता ह्या माणसाले पाय," मामाजी समोरच्या घराकडं बोट दाखवत म्हणाले. "आपली ज्वारी खाऊन केस पिकले त्याचे. अजून समुद्राकडच्या गावाले 'मा ऊरु' म्हनते. आनं इथल्याले काईच म्हनत नाई. एकडाव 'मन ऊरु' म्हनला असता तं काय जीभ झडली असती का?"

मामाजींना नुसता शब्द हवा नव्हता, हे मला पुढं समजलं. त्यांची आई गुंटूरकरांच्या वडिलांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पहिल्या हंगामात त्या नवख्या लोकांना इथं कोण कोण आहे ते माहीत नव्हतं, म्हणून तिला घरातल्याच पेल्यात चहा मिळाला. दुसऱ्या हंगामापर्यंत गावानं त्यांना सगळं सांगितलं, आणि तिचा पेला वेगळा झाला. ही गोष्ट मामाजींनी एकदा गुंटूरकरांच्या देखत ओट्यावर सांगितली. मला वाटलं, आता मोडतंय सगळं. गुंटूरकर पुष्कळ वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "होय. वेगळा केला, माझा आई." बस, इतकंच. मामाजींनी मान हलवली आणि मला हाक मारून दोघांसाठी चहा मागितला. दोन आयांची तुलना अशीही असते, हे मला तेव्हापर्यंत ठाऊक नव्हतं.

गुंटूरकरांची बायको गेली, तिला इथल्याच मसणवट्यात नेलं. अस्थी बासरला गोदावरीत सोडल्या. मामाजी सोबत गेले होते. परत आल्यावर सांगत होते, की पाण्याकडं बघत गुंटूरकर म्हणाले, "बघा, माझा बायको माझ्या आधी गावाला चालला." मामाजींनी हे सांगितलं ते तुलना न करता. त्या दिवसापासून मात्र त्यांच्या मनात धाकधूक बसली, की आता हाही जाईल.

आणि तसंच झालं. गुंटूरकरांचा हैदराबादेतला मुलगा गाडी घेऊन आला. म्हाताऱ्याला एकटं कुठवर ठेवायचं? समुद्राकडच्या गावात काकांचं घर भरलेलं आहे, तिकडंच नेऊन ठेवतो, म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? पण मामाजी त्या पोराला ओट्यावर बसवून तुलनेला लागले, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. आदिलाबादची हवा सगळ्यांत चांगली. (आमचं ऊन! त्यात पापड भाजून निघतात.) इथले डॉक्टर हुशार. तिकडं दमट, वादळं येतात, म्हाताऱ्याचे गुडघे धरतील. "तिकडचे लोक लय मागं हायेत रे बाबू, आपण पुढं हावो!" ज्या माणसानं जन्मभर आम्हाला मागं बसवलं, तो एका दुपारी आम्हाला सगळ्यांच्या पुढं काढून उभा राहिला. मुलगा इथंच वाढलेला, मराठी त्याला चांगलं कळायचं. तो वडिलांकडं बघत हळूच म्हणाला, "काका, तिकडं नान्नांची आपली माणसं हायेत."

"आनं मी कोन होय मंग?" मामाजी म्हणाले.

गुंटूरकर दारातच उभे होते. त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून मी अक्षरशः, आमच्यात देव नसताना, देवाला हात जोडले. ते वळले आणि आत सामान बांधायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसले, काच खाली केली, मामाजींचा हात धरला, आणि गाडी हलली तेव्हा सोडला. मामाजींनी त्या दिवशी ओट्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग फोन सुरू झाले. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर लावून बोलणं, नि अख्ख्या गल्लीला फुकट करमणूक. गुंटूरकरांची तक्रार अशी, की गावात त्यांना नावानं कोणीच हाक मारत नाही. पोट्टीसोट्टी 'आदिलाबाद तातय्या' म्हणतात, म्हणजे आदिलाबादचा आजोबा. भाताला चव नाही, भाकरी कोणाला थापता येत नाही, आणि भांडायला कोणी मिळत नाही. मामाजी खूश होऊन ओरडत, "मंग! मी काय सांगतलं होतं?" एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून गुंटूरकरांचा आवाज आला, जरा थकलेला, "कंडक्टरगारु, मन ऊळ्ळो पत्ति तीस्तुन्नारा?"

आपल्या गावात कापसाची वेचणी लागली का, एवढंच विचारलं होतं त्यांनी. पण 'मन' म्हणाले होते. मी हातातलं लुगडं तसंच धरून मामाजींकडं पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता नाचत गल्लीत जाणार. मामाजी फोनकडं बघत बसले. "लागली," एवढंच म्हणाले, मराठीतच. मग पुन्हा म्हणाले, "लागली ना जी. आपल्याकडं कापूस बरा हाय औंदा." फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मामाजी, जिंकले ना तुमी!"

"काय जिंकलो वो?" ते चिडलेच माझ्यावर. "आता म्हनते लेकाचा. तिकडं जाऊन म्हनते."

वेचणी संपायच्या आत गुंटूरकर गेले. मुलाचा फोन आला तो सगळं उरकल्यावर. मामाजींनी एकच विचारलं, लोक किती आले होते? पुष्कळ होते, असं तो म्हणाला, पण सांगताना जरा अडखळला. त्यानंतर त्यांच्या तोंडून कोण पुढं आणि कोण मागं हे मी ऐकलं नाही. मुद्दाम डिवचून पाहिलं, लग्नांना नेऊन पाहिलं. आता निमूट पंगतीत बसतात, वाढतील ते जेवतात आणि घरी येतात. म्हाताऱ्या माणसानं शहाण्यासारखं वागायला लागावं, याचं मला कधी इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

परवा समोरच्या घरात बिहारकडचं एक कुटुंब भाड्यानं आलं. माणूस जिनिंग मिलमध्ये कामाला आहे. सामान उतरवताना आमचं मराठी बोलणं त्याच्या कानावर पडतच होतं; मग तो घाम पुसत ओट्यापाशी आला आणि त्यानं मामाजींना हिंदीत विचारलं, "बाबूजी, ये मकान किसका था?"

"हमारे गाँववाले का," मामाजी म्हणाले.

"अच्छा, तो वो भी महाराष्ट्र के थे?"

मी दारात वालाच्या शेंगा निवडत होते. मामाजींनी क्षणभर त्या घराकडं पाहिलं.

"हौ," ते म्हणाले, आणि त्याला बसायला ओट्यावर जागा करून दिली.