पेल्यात घासलेलं ब्लेड

आमच्या घरी दाढीचं ब्लेड एकच असायचं. रविवारी सकाळी मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अंगणातल्या खांबाला आरसा अडकवायचे, वाटीत गरम पाणी घ्यायचे आणि काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ते जुनं ब्लेड बोटाने दाबून गोल गोल घासायचे. पेल्यात घासलं की धार परत येते, असा त्यांचा ठाम विश्वास. असं एक ब्लेड महिनाभर चालायचं. आधी त्यांची दाढी, मग गोंदियाच्या राईस मिलमधून रविवारपुरते घरी आलेल्या बाबांची, आणि मी अकरावीत गेलो त्या वर्षापासून तिसरा नंबर माझा.

दाढी आणि तारुण्यपिटिका मला एकाच वर्षी फुटल्या. दाढी येण्याची मी वाट पाहत होतो. पिटिकांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या दाढीच्या आधी येऊन जागा धरून बसल्या. गालावर, हनुवटीखाली, मानेवर. काही नुसत्या लाल, काही पिकलेल्या. चेहरा इतका तेलकट की सकाळी नऊच्या एसटीने गोरेगावच्या कॉलेजात पोचेपर्यंत कपाळावर रस्त्याची सगळी धूळ चिकटलेली असायची. वर्गातली पोरं मला 'सीताफळ' म्हणत. पुढे पुढे 'सीताफळ पिकलं का गा?' अशी चौकशी व्हायची. मी हसायचो. हसलो नसतो तर आणखी चिडवलं असतं, म्हणून हसायचो.

उपाय सांगायला अख्खं गाव मोकळं होतं. अंगात गरमी झाली म्हणून माझा आंबा बंद झाला, अंडं बंद झालं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला, मुलतानी माती लावली, रात्री टूथपेस्ट लावून झोपलो आणि सकाळी गाल भाजल्यासारखा लाल घेऊन उठलो. यात सगळ्यात पुढे मोठे बाबा. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या तोंडाचा त्यांनी ध्यासच घेतला होता. दर आठवडी बाजारातून काहीतरी पुडी यायची. दाढीच्या आधी ते माझ्या गालांना जवसाचं तेल चोळायचे. आधीच तेलाचा घाणा झालेल्या चेहऱ्याला वरून तेल.

"कातडी नरम झाली पाह्यजे बेटा," ते म्हणायचे. "नरम कातडीवर पाती सुदी चालते."

पाती सुदी, सरळ चालायची नाही. तिसऱ्या नंबरला तिच्यात धार कसली उरणार? ते हनुवटी वर धरून उलटा हात मारायचे, पिटिकांची डोकी कापली जायची, साबणाचा फेस गुलाबी व्हायचा. मग ते तुरटी फिरवायचे. ती आग मला आजही आठवते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांचा हात थांबायचा, आणि माझ्याकडे पाहत ते आपला गाल चाचपायचे. त्यांच्या स्वतःच्या गालांवर बारीक बारीक खड्डे होते. ते देवीचे वण आहेत, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. कधी विचारलं नाही.

बारावीच्या दिवाळीआधी मी घरात न सांगता गोंदियाला गेलो आणि कातडीच्या डॉक्टरांना तोंड दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या चेहऱ्याकडे किळस किंवा कीव न करता पाहिलं. ते हिंदीत बोलत होते.

"नोचना मत। तेल बिल्कुल नहीं। दाढ़ी रोज मत बनाओ, नहाने के बाद बनाओ, बाल नरम रहते हैं। जिधर बाल जाते हैं उधर ही चलाना। और अपना ब्लेड अलग रखो, किसी का जूठा मत लेना।"

रात्री लावायचं एक मलम लिहून दिलं आणि दोन-तीन महिने धीर धर म्हणाले. त्या सगळ्या बोलण्यातलं मी एकच वाक्य घट्ट धरलं. जूठा ब्लेड. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी तेच घोकत होतो. दोन वर्षं मला कारण सापडत नव्हतं आणि आता सापडलं होतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता, कारण आता दोष द्यायला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मोठ्या बाबांनी स्वतःची दाढी उरकली, बाबांची झाली, आणि ब्रशवर साबण घेऊन त्यांनी मला हाक मारली. मी जागचा हललो नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुमच्या त्या घासलेल्या ब्लेडनंच माह्या तोंडाचं वाटोळं केलं. डॉक्टर सांगून राहिला. आता हात नका लावू मले."

बाबा उठून मला मारायला आले. मोठ्या बाबांनी त्यांना हाताने अडवलं. हातातल्या ब्रशवरचा फेस त्यांनी वाटीत झटकला आणि म्हणाले, "बरं बेटा." एवढंच.

त्यानंतर खांबाला आरसा लागला नाही. मोठे बाबा गावातल्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे चिंचेखाली जाऊन दाढी करू लागले. पेला परत स्वयंपाकघरात गेला आणि त्यातून मी पाणी प्यायचो. माझ्यासाठी मी नवा रेझर घेतला, ब्लेडचं पाकीट घेतलं. आणि पिटिका? त्या जशाच्या तशा. डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांचा धीर सांगितला होता, माझा आठ दिवसांत संपला. मलम लावल्यावर कातडी कोरडी पडून सोलायला लागली तेव्हा घाबरून मी ते सोडलंच. शेवटी दाढी करणंही सोडलं आणि ती तुरळक, जागोजागी खंड पडलेली दाढी वाढवून तिच्याआड लपून बसलो. तोवर तरी मोठ्या बाबांना जाऊन सांगायला हवं होतं की ब्लेड बदलून काही फरक पडला नाही, माझं चुकलं. रोज समोर जेवायला बसायचो. ते भात कालवत विचारायचे, "कॉलेज कसं चालू हाये?" मी "बरं" म्हणायचो.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्यात, मोठे बाबा बांधीतल्या चिखलातच कोसळले. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. मूल नसल्यामुळे अग्नी मला द्यावा लागला.

यापुढचं सांगायला मला लाज वाटते. सुतकाचे दहा दिवस आमच्याकडे पुरुष दाढी करत नाहीत. सगळ्या भाऊकीच्या तोंडांवर खुंट वाढले होते. माझी दाढी त्यांच्यात मिसळून गेली. कोणी माझ्या गालांकडे पाहत नव्हतं, कोणी उपाय सांगत नव्हतं. घरात मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, भिंतीला टेकून बसलेली, आणि मला मनातून बरं वाटत होतं. मग आठव्या दिवशी आठवलं की दहाव्याला तलावावर डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवावं लागणार. अग्नी देणाऱ्याचं सगळ्यात आधी, सगळ्यांच्या देखत. त्या दोन रात्री मी जागा होतो, पण मोठ्या बाबांसाठी नाही, माझ्या तोंडासाठी.

दहाव्याच्या सकाळी तलावाच्या पाळीवर तीसेक माणसं होती. तोच म्हातारा न्हावी धोकटी उघडून बसलेला. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याने डोकं भादरलं, मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि दाढीत बोट फिरवून पाहिलं. आत सगळं पिकलेलं होतं. मी डोळे मिटले. आता हा मोठ्याने काहीतरी बोलणार आणि सगळे वळून पाहणार, याची वाट पाहत राहिलो.

त्याने वस्तऱ्यातलं ब्लेड काढून बाजूला ठेवलं. धोकटीतून कागदात गुंडाळलेलं नवं काढलं, दातांनी कागद फाडला, ब्लेड मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवलं.

"हे तुह्यासाठी येगळं ठेवलं हाये," तो हळूच म्हणाला. "तुह्या मोठ्या बाबानं आणून देलं होतं. म्हणे, माह्या पोराची दाढी करशीन त जुनं ब्लेड लावजो नको, अन् उलटा हात मारजो नको."

मी डोळे उघडले. "कधी?"

"दिवाळीतच. तईपासून पडून हाये. तू आलाच नाहीस." त्याने गालावर पाणी लावलं. "त्याचंबी तोंड असंच होतं, तुह्या वयात. माह्या बापासमोर दाढीले बसून रडे. ते गालाचे खड्डे कायचे समजला तू?"

मग त्याने केस ज्या बाजूला वळतात त्या बाजूला, दाबाशिवाय, वस्तरा खाली आणला. तरी रक्त आलं. मी रडत होतो, आणि पाळीवरची माणसं एकमेकांना म्हणत होती की पोराला माया होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं, पण अग्नी दिलेल्या माणसाला उठता येत नाही.

तेरवीला आलेले सगळे पाहुणे आधी माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मग मोठ्या बाबांची चौकशी करत होते. मी त्यांच्या पानांवर बुंदी वाढत फिरलो. लपायला दाढी नव्हती.

जखमा चिघळल्या म्हणून पुढच्या आठवड्यात परत गोंदियाला गेलो. डॉक्टरांनी आधी मलम सोडलं म्हणून झापलं. ते लिहीत असताना मी विचारलं, माझ्या मोठ्या बाबांच्या जुन्या ब्लेडमुळे मला हे झालं होतं ना?

"नहीं रे," ते मान वर न करता म्हणाले. "भोथरे ब्लेड से छिलता है, जखम पकती है। पर मुंहासे उससे नहीं होते। ये तो उमर का तेल है। घर में किसी को रहा होगा, उसी से आता है।"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं मी केलं होतं. घरी आलो तेव्हा मोठी आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि दिवाळीआधीच्या त्या रविवारी मी डॉक्टरांच्या नावावर खोटं बोललो तेही.

"मालूम होतं त्यायले," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "घासलेल्या ब्लेडनं होत असतं त तुह्या बापालेबी झालं असतं, म्हणे."

"मंग मले बोलले काऊन नाही?"

तिने सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"मीबी तेच इचारलं. त म्हणे, त्या पोराले कोणावर त राग काढाचा हाये. मी कोणावर काढू शकलो नाही. माह्यावर काढते त काढू दे."

पुढे चोविशी-पंचविशीत माझ्या पिटिका आपोआप कमी होत गेल्या. डॉक्टरांचं मलम या वेळी मी धीराने लावलं, त्याचाही उपयोग झाला असेल. खड्डे मात्र राहिले, दोन्ही गालांवर, अगदी त्यांच्यासारखे. आता दाढी करताना त्यांवरून ब्लेड जपून न्यावं लागतं. माझी पोरं विचारतात, बाबा, हे काय झालं होतं? मी त्यांना सांगतो की हे देवीचे वण नाहीत, माझ्या मोठ्या बाबांकडून आलेत.