माझ्या मापाचे पांढरे कपडे

त्याच्या कमरेचं, छातीचं आणि बाहीचं माप मला अजून तोंडपाठ आहे. बाकी त्याच्याविषयी मला फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच कबूल करतो. त्याला भावंडं किती, त्याच्या घराला किती खोल्या, त्याला रात्री झोप लागायची का, यातलं काहीच मी कधी विचारलं नाही. विचारायला मला संकोच वाटतो. लिहायलाही वाटतो. पण अक्का म्हणाली, "इतकं आठवतंय तर लिहून तरी काढ, माझं डोकं खाऊ नकोस." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बायको गेल्यापासून घर तीच सांभाळते, आणि मलाही.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानावरची खोली आम्ही भाड्याने देतो. एका वर्षी तिथे दोन तरुण प्रचारक राहायला आले. परक्या देशातून, आपल्या चर्चने पाठवलेले, दोन वर्षं घरोघरी जाऊन आपला धर्म सांगायला. एक बावीसचा, दुसरा जेमतेम विशीचा. त्यांची नावं आमच्या जिभेला वळेनात, तेव्हा अक्काने त्यांचं थोरला आणि धाकटा असं बारसं करून टाकलं. दोघेही निमूटपणे ओ देऊ लागले. मी सांगतोय ते धाकट्याविषयी.

दोघांनी सदैव बरोबर राहायचं, असा त्यांचा नियम. एकाला कोपऱ्यावरून साबण आणायचा असला तरी दुसरा त्याच्यामागे उभा. "नवराबायकोसुद्धा कधीमधी एकमेकांना सुट्टी देतात," अक्का म्हणायची. सकाळी साडेसहाला आमच्या डोक्यावर पावलं वाजायला लागत. मग प्रार्थना, मग गाणं. थोरल्याचा सूर चांगला होता. धाकटा मनापासून गायचा. नऊ वाजता पांढरे शर्ट आणि टाय घालून दोघे जिना उतरत, ते अंधार पडेपर्यंत लोकांची दारं वाजवत फिरत. दिवस कसा गेला हे मला जिना चढतानाच्या पावलांवरून कळायचं. बहुतेक दिवस सारखेच जात.

पहिल्यांदा तो दुकानात आला तो पँट कमरेत कमी करून घ्यायला. तीन महिन्यांत दीड इंच उतरला होता. मी टाचण्या लावत असताना त्याने विचारलं, "काका, तुम्हाला देवाविषयी थोडं सांगू का?" माझ्या तोंडात सहा टाचण्या. मी मान हलवली.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी दोघे येऊ लागले. मी काज करायचो, धाकटा बाकावर बसून पुस्तकातलं वाचायचा आणि मधेच थांबून विचारायचा, "पटतंय का?" मी मान हलवायचो. आता तोंडात टाचण्या नसायच्या, पण सवय ती सवय. आणि ऐकायला मला आवडायचं, हेही खरं. क्षमेविषयी बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. शिवाय मला काय पटतं, हे बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

एका गुरुवारी त्याने पांढरं सुती कापड आणलं. "काका, एक शर्ट, एक पँट. तुमच्याच मापाची." माझ्यासारख्या अंगाचा कुणी त्यांच्यात असेल, असं मी धरून चाललो. कपडे कुणासाठी, हे शिंप्याने विचारायचं नसतं, असं वडिलांनी मला शिकवलं होतं. पुढच्या गुरुवारी कच्चे टाके घालून कपडे तयार होते.

"घालून बघा ना," तो म्हणाला.

"मी?"

"रविवारी तुम्हालाच घालायचे आहेत."

मग उलगडा झाला. त्यांचा धर्म स्वीकारणाऱ्याला पांढऱ्या कपड्यांत पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. मागच्या महिन्यात त्याने मला तसं विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. तारीखही ठरली होती.

"मी आईला कळवलं," तो सांगत होता. एकोणीस महिन्यांत त्याच्या हातून एकही माणूस त्या पाण्यापर्यंत पोचला नव्हता. मी पहिला. "तिने आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंय. रविवारी त्याच वेळेला ते सगळे तुमच्यासाठी प्रार्थनेला बसणार आहेत."

मी आरशासमोर उभा होतो. कपडे अंगाला फार छान बसले होते. मी एवढंच म्हणालो, "डावी बाही जरा वर घ्यायला हवी." ते दोघे आनंदाने वर गेले.

अक्काने आतून सगळं ऐकलं होतं. "मार की एक बुडी," ती म्हणाली. "आंघोळीशी तुझं एवढं काय वाकडं आहे?"

"ते खोटं होईल गं."

"मग तसं सांग त्याला."

"त्याचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं, म्हणूनच सांगते. रविवारची वाट बघशील, तर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सांगावं लागेल."

शुक्रवारी सकाळी त्यांचं गाणं संपल्यावर मी जिना चढलो. खोलीत दोन खाटा, भिंतीकडे तोंड केलेली दोन टेबलं, दांडीवर मोजे. भिंतीवर गावाचा नकाशा होता. फिरून झालेल्या गल्ल्या निळ्या पेन्सिलीने रंगवल्या होत्या. नकाशा जवळजवळ सगळाच निळा होता. आमच्या दुकानाच्या जागी मात्र एक लाल टिंब.

धाकटा बुटाला पॉलिश करत होता. मी उभ्याउभ्याच बोललो. "मला ते जमणार नाही. तू सांगतोस ते ऐकायला बरं वाटतं, पण आतून येत नाही. मान हलवायची माझी खोड आहे. चूक माझी आहे."

थोरला खिडकीबाहेर बघू लागला. नियमामुळे बिचाऱ्याला बाहेरही जाता येईना.

धाकट्याने बूट खाली ठेवला. "एकदाही खरं वाटलं नाही?"

"तू सांगत असतोस तेव्हा वाटतं. तू वर गेलास की नाही वाटत."

त्याने ब्रश पॉलिशच्या डबीवर ठेवला. मग म्हणाला, "माझंही एखाद्या दिवशी तसं होतं." थोरल्याने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मग काय करतोस?" मी विचारलं. त्याला मी विचारलेला खरा प्रश्न बहुधा तेवढा एकच.

"दुसऱ्या दिवशी साडेसहाला उठतो," तो म्हणाला.

घरी फोन करायची त्यांना सोमवारची मुभा होती. आवाज नीट यायचा म्हणून धाकटा जिन्यात बसून बोलायचा. त्या सोमवारी तो थोडंच बोलला आणि पुष्कळ वेळ नुसतं ऐकत राहिला. शेवटी तो हसला. आई काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. मला मात्र त्यानंतर जेवण गेलं.

गुरुवारी तो येणार नाही असं मी धरलं होतं. आला. थोरलाही मागे होताच. या वेळी पुस्तक आणलं नव्हतं. बाकावर बसून म्हणाला, "काका, काज शिकवा."

राहिलेले पाच महिने तो दर गुरुवारी शिकला. सुरुवातीचे काज बघून अक्का म्हणाली, "यातून बटण नाही, मांजर जाईल." पण हात हळूहळू बसला. टाका कुठे घट्ट हवा हे दाखवून मी विचारायचो, "पटतंय का?" तो मान हलवायचा. "तोंडाने सांग," मी म्हणायचो, आणि थोरला हसायचा. अक्काच्या हातचं जेवून त्याची पँट मला पुन्हा कमरेत सैल करावी लागली. त्याच्या हातून कुणाचाही बाप्तिस्मा झाला नाही. तरी सकाळी साडेसहाला पावलं वाजायची ती शेवटच्या दिवसापर्यंत वाजली.

तो निघाला त्या दिवशी टॅक्सी दाराशी उभी होती. अक्काने डबा दिला आणि ती आत निघून गेली. मी मशीनवर बसलो होतो. उठावं की नाही हे मला सुचेना. तो दारात थांबला.

"काका, ते पांढरे कपडे अजून आहेत?"

"आहेत. कपाटात."

"ठेवले तर चालेल? उगाच जागा अडते का?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांगा," तो म्हणाला.

"नाही अडत."