न झालेलं पंक्चर

जेवण झालंय. मुलीच्या घराच्या मागच्या बाजूला एक काचेची खोली आहे, तिथल्या वेताच्या खुर्चीत मी बसलोय. मांडीवर पुस्तक उघडं आहे आणि एकच ओळ मी चौथ्यांदा वाचतोय. माझ्याकडे झोप अशीच येते, ओळींच्या मधून.

बाहेर अंगणात लाकडी खोपटं दिसतंय. त्यात दोन सायकली आहेत. सकाळी मृणालने विचारलं, "बाबा, शनिवारी त्या सायकली कुणाला तरी देऊन टाकू का? चार वर्षं नुसत्या उभ्या आहेत. आल्यापासून तुम्ही तिकडे फिरकलासुद्धा नाहीत." संध्याकाळी सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

निळी माझी. हिरवी भीमाची. भीमराव कणसे फलटणला कालवा निरीक्षक होता, मी तिथेच कॉलेजात ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मृणालकडे आलो आणि बारा दिवस इंग्लंडातल्या कालव्यांच्या काठाने, रानवाटांनी सायकली चालवल्या. परत गेल्यावर सात महिन्यांत तो गेला. शेवटच्या दिवशी मी त्याच्याशी एक खोटं बोललो होतो. ते कबूल करायचं राहूनच गेलं.

पुस्तकातली ओळ लांब होत जाते. मग काळी, मग ओली. मग ती कालव्याकाठची वाट असते आणि मी सायकलवर असतो.

डावीकडे तपकिरी, जवळजवळ न हलणारं पाणी. उजवीकडे उंच झाडं आणि त्यांच्याखाली निळ्या फुलांचा धूर पसरल्यासारखा. पुढे भीमा, ताडमाड उंच. हेल्मेटच्या आत कानटोपी, नेहमीसारखीच. तो गेलेला आहे हे मला माहीत आहे, पण तसं त्याला सांगणं बरं दिसणार नाही, एवढंच वाटतं.

"घंटा वाजव," तो मागे न बघता म्हणतो. "फुडं पूल हाय. पलीकडनं कुणी आलं म्हंजे?"

मी वाजवतो. विटांच्या कमानीखाली क्षणभर गार अंधार, आणि आम्ही बाहेर पडतो ते कॉलेजच्या ग्रंथालयात. कपाटांच्या रांगांमधून सायकली चालल्यात. फरशीवर चिखलाच्या रेघा उमटतात. कुणीतरी रागावेल म्हणून मी घाबरतो. मग आठवतं, इथे रागावणारा मीच असायचो.

"त्रिंबक, लेका, इथंबी पुस्तकंच!" भीमा हसतो.

कपाटांच्या शेवटी पुन्हा पाणी आहे, आणि काठाला ती लांब, अरुंद, लाल होडी बांधलेली आहे. जुनी पुस्तकं विकणारी होडी. मला परत फिरावंसं वाटतं.

त्या दिवशी ती मला खरोखरच दिसली होती. आदल्या दिवशी लॉकपाशी काम करणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी भीमाला सांगितलं होतं, उद्या तीन वाजता या, एक दार तुम्ही ढकला. लॉक म्हणजे होड्यांना चढ-उतार करता यावा म्हणून कालव्यावर बांधलेली दोन दारांची कोठी. भीमाने चौतीस वर्षं चाक फिरवून कालव्याची दारं वर उचलली होती. इथे दाराला लांब लाकडी दांडा असतो आणि त्याला पाठ लावून माणूस ते ढकलतो. हे बघून तो रात्रभर हसला होता. "आरं, बुडानं दार उघडत्यात ही माणसं!"

दोन वाजता विटांच्या पुलावर भेटायचं ठरलं होतं. तो रानवाटेने पुढे गेला, मी कालव्याने सावकाश निघालो. वाटेत होडी दिसली. पाच मिनिटं म्हणून आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. माझा फोन घरीच राहिला होता. मग मी जे केलं, ते वयाला शोभणारं नव्हतं. मागच्या चाकातली हवा सोडून दिली आणि सायकल ढकलत पुलावर गेलो. भीमा कठड्यावर बसला होता. "पंक्चर," मी म्हटलं. "हां," तो म्हणाला. लॉकचं काम चारला थांबतं. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. संध्याकाळी अंगणात बादली घेऊन तो माझ्या चाकापाशी बसला आणि थोड्या वेळाने "झालं" म्हणाला. काय झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता आम्ही दोघं होडीच्या टपावर बसलोय. पाय खाली सोडलेत. वर बाभळीची फांदी आहे, म्हणजे हा फलटणचाच कालवा असणार.

"भीमा," मी म्हणतो. माझा आवाज फार लहान निघतो. "पंक्चर झालंच नव्हतं."

"म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"तवापासनं. दोन वाजले, अडीच वाजले, तुझा पत्ता न्हाई. म्हटलं, पडलं बेणं पाण्यात. तुला तर पवता येत न्हाई. मी उलटा फिरलो. पाण्यावर चष्मा तरंगतोय का बघत आलो."

"चष्मा तरंगत नाही."

"बघ! मेला असतास तरी हे सांगायला वर आला असतास."

मी हसतो, आणि हसलो म्हणून लाजतो.

"मग त्या होडीच्या खिडकीतनं दिसलास," तो म्हणतो. "पाय पोटाशी घेऊन बसलेला. पुटपुटत हुतास. वाचताना पुटपुटतोस तू, कुणी सांगितलं न्हाई का?"

"हाक का नाही मारलीस?"

"तू हायस एवढं बघितलं. जरा वेळ गवतात बसलो. मग पुलावर जाऊन थांबलो, तुझ्याबिगर दाराकडं जायला नको वाटलं. म्हटलं, वाचू दे."

"पण तीन वाजता तुझं दार..."

तो बाभळीकडे बघतो. "वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? थोडं वाटलं. पर सांगू का, तू सायकल ढकलत आलास न्हवं, व्हॉल्वची टोपी तुझ्या हातातच हुती. मुठीत धरून आलास, देवळातल्या फुलासारखी. ते आठवून हसत मी सात महिने काढले."

आम्ही उभे राहतो. होडी नसते. तो लांब दांडा असतो, एका टोकाला पांढरा रंग दिलेला. भीमा पाठ लावतो. "ये. बुड टेकव."

मी त्याच्या शेजारी पाठ लावतो. आधी काहीच होत नाही. मी कुठल्याच दाराच्या उपयोगाचा नाही, असं मला वाटायला लागतं.

"नेट लावू नको," तो म्हणतो. "दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की आपसूक हलतंय."

आणि दार हलतं. जड, ओलं, सावकाश. भीमा मोठ्याने हसतोय.

"जा आता फुडं," तो म्हणतो. "पुलाखाली घंटा वाजव."

"तू?"

"मी हितं पाणी बघतो."

"बाबा, चहा." मृणाल समोर उभी आहे. उन्हाने काच तापलीय. पुस्तक जमिनीवर पडलंय.

मी चहा तसाच ठेवतो आणि खोपट्याकडे जातो. मला निळीचं मागचं चाक काढता येत नाही, ते मृणालच काढते. "अहो, पण झालं काय एकदम?" ती विचारते. टायरच्या आतून ट्यूब ओढून काढते आणि माझ्या हातात देते.

ट्यूबवर एक ठिगळ आहे. दुकानातलं नाही. जुनी ट्यूब कात्रीने कापून, कोपरे गोल करून बनवलेलं, आपल्याकडे करतात तसं. चार वर्षांत त्याची कड सुटलीय. मी नख घालतो आणि ते हळूहळू सोलून काढतो. खाली रबर नीट घासलेलं आहे. मृणाल हवा भरते, ट्यूब बादलीत बुडवून सगळीकडून फिरवते. एकही बुडबुडा येत नाही.

"भोकच नाहीये बाबा. मग ठिगळ कुणी लावलं?"

"भीमाकाकाने."

"कशाला?"

मी ठिगळाची गोल कड बोटाने चाचपतो. 

"मी त्याला पंक्चर झालंय म्हणून सांगितलं होतं," मी म्हणतो. "घरात सोल्यूशनची ट्यूब आहे का गं?"

"असेल. पण ही चाकातली ट्यूब चांगली आहे की."

"हे परत तिथेच चिकटवायचंय. हिरवी दे शनिवारी, उंच माणसाला दे. निळी राहू दे."

ती सोल्यूशन शोधायला आत जाते. ठिगळ माझ्या तळहातावर आहे. मी मूठ मिटतो.