माझ्या आधीचं नाव

बी.ए. करायचं म्हटलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, आणि मला त्याचाच राग आला. चुलत बहिणीच्या नर्सिंगसाठी आमच्या ओसरीवर चार दिवस चर्चा चालली होती. कॉलेज कुठलं, फी किती, हप्ते पडतात का, नोकरी कधी लागणार. माझ्या वेळेला वडील बेदाण्याच्या शेडवरून जेवायला आले, हात धुतले आणि ताटावर बसता बसता म्हणाले, “मग बाहेरनं कर की.”

बाहेरनं म्हणजे कॉलेजात पाय न ठेवता फॉर्म भरायचा, घरी वाचायचं आणि परीक्षेपुरतं जायचं. कवठे महांकाळला आमच्या गल्लीत अशा बाहेरनं शिकणाऱ्या पोरी पुष्कळ. लग्नाच्या बायोडाटावर ‘बी.ए. चालू’ लिहिता येतं, आणि ते वर्षानुवर्षं चालूच राहतं. वडिलांचं म्हणणं साधं होतं. कागद तोच मिळतो, मग खोलीचा आणि एसटीचा खर्च कशाला?

मला कागद नको होता. मला वर्ग हवा होता. आठवी लॉकडाउनात मोबाइलवर गेली, नववी-दहावी बोर्डाच्या धास्तीत. अकरावी-बारावीत सगळे क्लासला जायचे आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरते उगवायचे. फळ्यासमोर बाकावर बसून, शेजारणीच्या वहीत डोकावत शिकायचं राहूनच गेलं होतं. इतिहास मला आवडायचा, तोही असा कुणासोबत तरी वाचायचा होता. हे बोलताना मी रडले, म्हणून वडील थोडे नरमले. म्हणाले, “एक सेमिस्टर जा. आत बसून बाहेरच्यापेक्षा जास्ती काय मिळतंय ते परीक्षा झाल्यावर मला सांग. सांगता आलं तर पुढं शिक, न्हाई तर घरी ये.”

आईची मावसबहीण साताऱ्यात असते, तिच्याकडं राहायचं ठरलं. वडिलांनी मला सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

मावशीचे यजमान फौजेतून रिटायर झालेले. हुद्दा काहीही असो, सगळी गल्ली त्यांना मेजर म्हणते. ॲडमिशनच्या दिवशी तेच बरोबर आले. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, “मेजर कोणता?” काका ताठ झाले. “मीच. बोला.” नव्या पद्धतीत मुख्य विषयाला मेजर म्हणतात हे त्यांना समजावेपर्यंत मागची रांग हसत होती. मीही हसले. साताऱ्यात इतक्या लोकांबरोबर हसण्याची ती पहिली वेळ होती, आणि तेव्हा वाटलं, आता हे असंच चालणार.

फी म्हणाल तर काकांच्या खिशातल्या मोबाइलहून कमी. या गोष्टीची किंमत लोक किती धरतात ते तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं.

पहिले दिवस वर्ग भरलेला होता. मग एकेकाला बोनाफाईड मिळालं, एसटीचा पास निघाला, स्कॉलरशिपचे फॉर्म भरून झाले, आणि वर्ग ओसरला. कुणी रागानं गेलं नाही. त्यांचं आधीच ठरलेलं होतं. आमच्या भागात बी.ए.ला नाव घालून ठेवतात. नाव कॉलेजात, माणूस भरतीच्या अकॅडमीत. पोलीस म्हणा, सैन्य म्हणा, पदवी हाताशी असलेली बरी. सकाळी मी दप्तर घेऊन निघायचे तेव्हा माझा अर्धा वर्ग मैदानावर पळून, घामानं भिजून परतत असणार. मला त्यांचे चेहरे ठाऊक नव्हते, म्हणून रस्त्यात दिसणारी ट्रॅकसूटमधली प्रत्येक पोरगी मला माझ्याच वर्गातली वाटायची.

गणपतीनंतर वर्गात मी एकटी उरले.

बाकीच्या विषयांचे तास बंदच पडले; इतिहासाचे सर तेवढे कोरेगावहून दुचाकीवर यायचे. तासिकेवर नेमलेले, म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. दुपारी दुसऱ्या कॉलेजात जायचे. वर्गात आले की हजेरीपट उघडून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी नावं घ्यायचे. प्रत्येक नावानंतर थांबायचे. तेवढ्यात पंख्याचा आवाज यायचा, की पुढचं नाव. माझं नाव यादीच्या मध्याला. ते आलं की मी “हजर” म्हणायचे आणि सर माझ्याकडं न बघता पुढं जायचे. मग उरलेली सगळी नावं, सगळ्या शांतता. एकदा मी म्हटलं, “सर, मी एकटीच आहे, दिसतेय की.” तर म्हणाले, “नाव घ्यायलाच पाहिजे. आज एखादा आलाच तर?”

शिकवताना ते कधी ‘तू’ म्हणाले नाहीत. तुम्हा सर्वांना माहीत आहेच, असं म्हणायचे. तास संपताना विचारायचे, “कुणाला काही शंका?” आधी मला हसू यायचं. पुढं मी मान हलवून सगळ्यांच्या वतीनं नाही म्हणू लागले.

त्या नावांची मला सवय झाली. पाढ्यांसारखी पाठ झाली. माझ्या आधी एका मुलीचं नाव यायचं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं गोड होतं. तिच्या नावानंतरची शांतता संपली की माझी पाळी. मी मनात तिला मैत्रीण करून टाकलं होतं. ती माझ्या डाव्या हाताला बसते, तिचं अक्षर वाईट आहे आणि ती डब्यात शेंगदाण्याची चटणी आणते, इथपर्यंत माझी मजल गेली होती. हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण एकटीनं डबा खाणं फार वाईट असतं. तोंडात घास असतो आणि माणसाला कुठं बघावं ते कळत नाही.

घरी गेलं की काका फौजी थाटात विचारायचे, “आज नफरी कितनी?” नफरी म्हणजे हजर असलेले जवान. मी म्हणायचे, “एक.” ते सॅल्यूट ठोकायचे. “लय मोठी पलटन हाय तुझी.” ते प्रेमानंच चिडवायचे. पण ते मला जवान म्हणायचे, मावशी पोरी म्हणायची, आणि एका रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की सबंध साताऱ्यात माझं नाव दिवसातून एकदाच कुणीतरी घेतं, तेही हजेरीला. रविवारी तेवढंही नाही.

एकदा तापानं मी घरी राहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीसारखी हजेरी घेतली आणि वही मिटत म्हणाले, “काल तुम्ही कुणीच नव्हता. तास झाला नाही.” त्यांनी दोष दिला नव्हता, पण मला लाजल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, “सर, बी.ए.ला स्कोप आहे का?” सगळे नातेवाईक मला हेच विचारत होते.

सर फळा पुसत होते. पुसत पुसतच म्हणाले, “मी काय सांगू? मीच बी.ए.चा स्कोप आहे.”

मग परीक्षा आली. त्या दिवशी कॉलेजच्या आवारात चालायला जागा नव्हती. नंबराप्रमाणं बाक शोधले, आणि माझ्या पुढच्या बाकावर ती येऊन बसली. केस बारीक कापलेले, पायांत पळायचे बूट, उन्हानं रापलेली मान. हॉल तिकिटावरचं नाव मी वाचलं. तेच. माझ्या आधीचं. खोलीभर सगळे एकमेकांना हाका मारत होते, आदल्या दिवशीच्या धावण्यावरून चिडवत होते. ही सगळी माणसं एका वर्गातली होती, फक्त तो वर्ग मैदानावर भरत होता.

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. चांगल्या मनानं विचारलं, “तू बाहेरनं बसलीस व्हय गं?”

मी म्हटलं, “न्हाई. मी रोज येते. वर्गात.”

“कुठल्या वर्गात?” ती म्हणाली.

तेवढ्यात पेपर वाटायला सुरुवात झाली. पेपर मी चांगला लिहिला. सरांनी सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, आणि त्याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. मागं शेडवर माणसं बोलत होती. “बोल,” ते म्हणाले. “काय मिळालं आत बसून?”

मैत्रिणी मिळाल्या असं खोटं सांगता आलं असतं. नोकरीचं तर खोटंही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, “पप्पा, मी गेले न्हाई तर तास हुत न्हाई. आन मी गेले की सर माझं नाव घेत्यात.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ते कुणाला तरी जरा थांब म्हणाले आणि बोलणाऱ्यांपासून बाजूला आले असावेत, कारण पलीकडचा आवाज कमी झाला. “लय एकटी पडलीस गं पोरी तू,” ते म्हणाले. मी ओढणीनं नाक पुसलं. मग ते म्हणाले, “जा मग. सराचा तास बुडवू नगं.”

दुसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी वर्गात मी आणि सर. त्यांनी हजेरीपट उघडला. माझ्या आधीचं नाव घेतलं आणि थांबले. मी पहिल्यांदाच दाराकडं बघितलं. आता मला ओळखू आली असती ती. दारात कुणी नव्हतं.

पुढचं नाव माझं होतं.