साठ मिनिटांत बसवलेला अल्बम

आमच्या आवडत्या रॉक बँडने आपला जुना अल्बम यंदा नव्याने बाजारात आणला. आवाज साफ केलेला आणि शेवटी दोन गाणी जास्तीची. देवासच्या घरी, दुपारी दार लावून मी तो फोनवर ऐकायला बसलो आणि पहिल्याच गाण्यात वैतागलो. ड्रम जड, गिटार आळसावलेली, गाणारा जणू जेवणावरून उठून आलेला. फोन बदलून पाहिला, स्पीकर बदलून पाहिला, कानही साफ केले. गाणं तसंच.

बायको डोकावून म्हणाली, "हेच का ते? ज्याच्यासाठी तुम्ही दोघे भाऊ आईची बोलणी खायचात?"

"हेच," मी म्हटलं, "पण हे नाही."

हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. फोनवर प्रत्येक गाण्याची लांबी दिलेली असते. जास्तीची दोन सोडून बेरीज केली, तर चौसष्ट मिनिटं. आमची कॅसेट साठची होती आणि तिच्यात एकही गाणं कापलेलं नव्हतं. शेवटच्या गाण्यातली शेवटची तार विरायची आणि तेवढ्यात फीत संपून बटण खटकन वर यायचं. ही नेमकी वेळ म्हणजे बँडची करामत, असं आम्ही दोघे मानायचो. साठात चौसष्ट मावत नाहीत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

ती कॅसेट टेकरीच्या रस्त्यावरच्या एका दुकानात भरून घेतली होती. त्या काळी अस्सल कॅसेट कोण घ्यायचं. कोरी न्यायची आणि भरून आणायची. दुकान अजून आहे, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मालक तोच. त्याला विचारलं.

"भिया, वो तो मैं बैठा देता था," तो म्हणाला. त्याच्या मशीनला वेग कमीजास्त करायची कळ होती. मूळ कॅसेट जराशी पळवायची आणि पळतापळताच नवीत उतरवून घ्यायची. अल्बम लांब असला की तो सगळ्यांना असाच बसवून द्यायचा.

"पण त्याने सूर चढतो ना."

"चढता है। मजा भी तो आता था।"

"मग सांगायचं तरी."

"नब्बे वाली आप लोग लेते नहीं थे, और गाना कटे तो लड़ने आते थे। इतने साल में पहली शिकायत लेकर आप आए हो।"

त्याने मला पाणी दिलं आणि फोनसाठी नवं कव्हरही दाखवलं. माझा संताप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

संतापाचं कारण माझा धाकटा भाऊ होता. वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासच्या कारखान्यात आले, तेव्हापासून आम्ही कॉलनीत राहायचो. तिथल्या गणपतीत एका वर्षी भावाने या अल्बममधलं एक गाणं गिटारवर म्हणायचं ठरवलं. महिनाभर कॅसेट लावून त्याने तालीम केली. गिटार कॅसेटच्या सुराला लावायची म्हणून तारा इतक्या ताणायचा की त्या तुटायच्या, आणि आम्ही तारांच्या कंपनीला नावं ठेवायचो. कार्यक्रमाच्या दिवशी गाण्यातल्या सगळ्यात वरच्या जागेवर त्याचा आवाज फाटला. पुढच्या खुर्च्यांवरचे काका लोक हसले. पुढे कित्येक दिवस कॉलनीतली मुलं त्याला पाहिलं की कोंबड्यासारखी आरवायची. तो त्यानंतर गायला नाही. नोकरीत आधी कुक्षीला, मग धारला गेला. गिटार उशीच्या खोळीत घालून बरोबर नेली, पण ती कपाटावरच राहिली. आपला गळा उणा, असं त्याने धरून घेतलं.

आणि आता माझ्या हातात पुरावा होता. गळा उणा नव्हता, कॅसेट चढी होती. रविवारी सकाळीच मी धारची बस धरली.

भावाच्या घरी स्पीकर मांडला आणि काही न सांगता गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "दादा, हे ते नाही."

मग मी सगळं सांगितलं. दुकान, कळ, चौसष्ट, साठ. त्याची जुनी पेटी काढायला लावली आणि स्वर दाबून दाखवले. "तू पांढरी एकच्या जागी काळी एकमध्ये गात होतास. अख्खं एक घर वर. तिथे कुणाचाही आवाज फाटला असता."

त्याने दोन्ही स्वर स्वतः दाबून पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर चुकीचं गाणं पाठ केलं."

"चुकीच्या पट्टीत."

"तेच ते."

मी गिटार खाली काढली. धूळ पुसली, तारा बऱ्या सुरात आणल्या. खरं तर हट्टच केला. तो बँडच्या पट्टीत गायला. शब्द सगळे पाठ होते. ती वरची जागा आली आणि त्याचा आवाज तिच्यावर सहज जाऊन टेकला.

"आला बघ," मी म्हटलं.

"आला. इथे कोणालाही येईल." त्याने गिटार भिंतीला टेकवली. "यात चढायलाच लागत नाही, दादा. आपलं गाणं धावत यायचं."

"आपलं गाणं खोटं होतं."

"खोटं कसं? दोघांनी कानांनी ऐकलंय."

"अरे, बँडने असं वाजवलंच नव्हतं."

"मग बँडचं चुकलं. दुकानवाल्याने बरोबर केलं."

मी चिडलो. आवाज चढला असावा, कारण भावजय स्वयंपाकघरातून आली. "मोठे भाऊजी, बाफले गार होतायत. बँडला जेवून सुधारा."

जेवताना मी पुन्हा आकडे सांगितले. तो हूं हूं करत डाळ वाढून घेत राहिला. जेवण झाल्यावर मात्र म्हणाला, "तुझ्या फोनमध्ये थोडं पळवता येत नाही?" सोय सापडली, पण तिची पहिली पायरीच सव्वापट. लावल्याबरोबर गाणारा मुंग्या चावल्यासारखा ओरडू लागला. आम्हाला हवा होता तो जरासा वेग साध्या आणि सव्वापटीच्या मधे कुठेतरी होता. रस्त्यावरच्या दुकानातल्या मशीनला तो जमायचा, माझ्या या फोनला नाही. आमची ती कॅसेट भावाने जपून ठेवली होती, पण फितीला बुरशी चढलेली आणि टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेलेला. मी सव्वापट आणि साधं, सव्वापट आणि साधं, असं आलटूनपालटून दाबत बसलो. शेवटी भावानेच फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि उलटा ठेवला.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. गाण्याचा विषय कुणी काढला नाही. आपण उगाच आलो, असं मला वाटत होतं. त्याला दिलासा द्यायला गेलो आणि त्याच्याकडे होतं तेही बिघडवून ठेवलं.

सकाळी चहाला बसलो तर आतल्या खोलीतून गिटारच्या खुंट्या पिळल्याचा आवाज येत होता. तार वर, आणखी वर. पट्टी मी लगेच ओळखली. काळी एक. मग तो गायला लागला, जुन्या वेगात. ती जागा आली आणि आवाज फाटला, गणपतीत फाटला होता तसाच. मग त्याने दोन ओळी मागून पुन्हा सुरुवात केली.

मी कप खाली ठेवून उठलो. एक घर खाली घे, एवढंच सांगायचं होतं. भावजयीने कपात आणखी चहा ओतला.

"बसा, भाऊजी," ती हळूच म्हणाली.

आतमध्ये आवाज पुन्हा फाटला. तार जुनी होती आणि इतका ताण ती सोसणार नव्हती, हे मला तिथे बसूनही कळत होतं. मी चहा प्यायलो.